उद्याचे इंटरनेट आणि किनवटचा डोंगर

प्रकाशतंतूची वाहिनी ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आली म्हणजे दप्तरात गाव जोडले गेल्याची नोंद होते. परंतु तेथून वाडीतांड्यापर्यंतचा उरलेला कोस-दोन कोसांचा मार्ग जेथे डोंगर, झाडी आणि वारंवार खंडित होणारी वीज यांनी अडवलेला असतो, तेथे भावी इंटरनेटचा प्रश्न वेगाचा नसून पोहोचण्याचा आहे.

या प्रश्नाचा पवईच्या आयआयटीने घेतलेला शोध उद्बोधक आहे. टाटा टेलिसर्व्हिसेसच्या सहकार्याने तेथे उभ्या राहिलेल्या दूरसंचार केंद्रातील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी यांनी दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्याची छाननी केली, तेव्हा त्यातील १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या असल्याचे दिसून आले. या लहरींची लांबी अर्ध्या मीटरहून अधिक असल्यामुळे, वायफायच्या आखूड लहरी जेथे पानापानांत शोषल्या जातात, तेथेही त्या झाडी ओलांडून दूरवर जातात. पालघर जिल्ह्यातील गावांत ‘ग्राममार्ग’ या नावाने हीच योजना प्रत्यक्षात उतरली: तंतूपासून गावापर्यंत या लहरी, आणि गावात वायफाय. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत तिला प्रथम पारितोषिक मिळाले. पुढे पवईच्या आयआयटीसह आठ संस्थांनी मिळून उभारलेली स्वदेशी ५जी चाचणी-व्यवस्था १७ मे २०२२ रोजी उद्योगांसाठी आणि नवोद्योगांसाठी खुली झाली. ज्या उपकरणाची परीक्षा घेण्यासाठी पूर्वी परदेशी जावे लागे, त्याची परीक्षा आता देशातच होऊ शकते.

आता उद्योग आणि विद्यापीठ यांचे हेच सहकार्य मराठवाड्यात यावे. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे सांभाळणारे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून तिच्या शेजारी आहे. नांदेड जिल्ह्यातीलच किनवट-माहूरची वनाच्छादित डोंगररांग हे पालघरइतकेच कठोर परीक्षास्थान आहे. आणि ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसलेल्या किल्लारीच्या परिसराला, मनोरे कोसळल्यावरही तग धरणारे जाळे कसे विणावे, हे विचारण्याचा अधिकार अनुभवाने प्राप्त झाला आहे. उद्योगाजवळ द्रव्य आणि यंत्रसामग्री असते, विद्यापीठाजवळ धीराने विचार करण्याची सवड असते. परंतु कोणता प्रश्न सोडवावयाचा, हे ठरविण्याच्या मसलतीत त्या मुलखाच्या माणसाला स्थान नसेल, तर संशोधन शहरापुरतेच राहते. म्हणून कंपन्यांनी आपल्या चाचण्यांची पहिली दरखास्त विष्णुपुरीकडे धाडावी, आणि तेथील अध्यापकांनी ती किनवटच्या ग्रामसभेपुढे ठेवून मगच कामास आरंभ करावा.