मुंग्या दिसल्या की विमान वळवा

रेडिओवर उडवायचं छोटं विमान चार-पाचशे मीटर लांब गेलं की त्याचा ठिपका होतो, आणि ठिपक्याला नाक-शेपूट नसतं. ते आपल्याकडे येतंय की लांब चाललंय, डाव्या अंगावर कललंय की उजव्या, हे जमिनीवरून ओळखू येत नाही. ओळखू येईपर्यंत ते शेजारच्या उसात पडलेलं असतं. जवळ असतानाही एक घोळ असतोच. विमान समोरून आपल्याकडे येत असेल तर डावं-उजवं उलटं होतं. हातातल्या रिमोटची दांडी उजवीकडे ढकलावी, तर ते आपल्या डाव्या हाताला वळतं. नवशिक्यांची बरीचशी विमानं याच गोंधळात मोडतात.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. उडवणाऱ्यालाच विमानात बसवायचं. अंगानं नाही, डोळ्यांनी. विमानाच्या नाकावर अंगठ्याच्या नखाएवढा कॅमेरा, पोटात चित्र पाठवणारा छोटा ट्रान्समीटर, आणि खाली खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दोन बारीक पडद्यांचा गॉगल. या छंदाला 'एफपीव्ही', म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यू, म्हणतात. आता उजवं ते उजवंच राहतं आणि क्षितिज तिरपं झालं की विमान तिरपं आहे हे सांगावं लागत नाही.

बघणाऱ्याला यात उडण्याची मजा दिसते. प्रत्यक्षात छंदाचा निम्मा वेळ रेडिओलहरींशी भांडण्यात जातो, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे.

विमान त्या मानानं सोपं. फोमचं किंवा आपल्याकडे सनपॅक शीटचं, बॅटरीवर चालणारं, शांत ग्लायडरच्या जातीचं. पंखा बहुधा पाठीमागे असतो. तो पुढे असला तर कॅमेऱ्यासमोर सतत फिरत राहतो, आणि नाकावर आपटल्यास आधी मोडतो. पंख्याची थरथरही कॅमेऱ्यापासून जितकी लांब तितकी बरी. आजचे बहुतेक कॅमेरे एक चित्र एकदम टिपत नाहीत, वरपासून खालपर्यंत ओळीओळीनं टिपतात. मध्येच कॅमेरा हलला की सरळ झाड जेलीसारखं डुलायला लागतं.

भांडण सुरू होतं ते चित्र खाली पाठवताना. स्वस्त आणि जुनी पद्धत अ‍ॅनालॉग. दूरदर्शनच्या काळातलंच 'पाल' चित्र, सेकंदाला पंचवीस, 5.8 गिगाहर्ट्‌झच्या लहरीवर स्वार करून सोडायचं. या लहरीची लांबी जेमतेम पाच सेंटीमीटर, म्हणून अँटेनाही बोटाएवढी होते. पण सगळीकडे पसरत जाणारी लहर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होते. पल्ला दुप्पट करायचा तर ताकद चौपट हवी. 25 मिलिवॉटवर जेवढं अंतर गाठलं त्याच्या चौपट जायचं तर 400 मिलिवॉट. ताकद वाढवली की बॅटरी लवकर संपते, ट्रान्समीटर तापतो आणि शेजाऱ्यांच्या लहरींत व्यत्यय येतो. म्हणून जाणते लोक ताकदीच्या आधी अँटेनाकडे बघतात.

गच्चीवर चढून अँटेना फिरवणारा एक आणि खालून 'आलं, आलं... गेलं!' असं ओरडणारा दुसरा, हे नाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. फरक इतकाच, की इथे गच्चीच उडतेय. साधी सरळ दांडीची अँटेना आडव्या दिशेला चांगलं पाठवते, टोकाच्या दिशेला जवळपास काहीच नाही. त्यामुळे विमान बरोबर डोक्यावर आलं, म्हणजे सगळ्यात जवळ असलं, की चित्र बिघडू शकतं. दुसरी अडचण कलण्याची. उभ्या दांडीतून निघालेली लहर उभी हेलकावते आणि ती पकडणारी दांडीही उभीच हवी. विमान वळताना पंखावर आडवं झालं की दोन दांड्या काटकोनात येतात आणि सिग्नलचा शंभरावा हिस्साही हाती लागेल याची खात्री राहत नाही.

यावर तोडगा निघाला तो गोल फिरणाऱ्या लहरींचा. क्लोव्हर म्हणजे तिपानी गवत, त्याच्या पानांसारखी वळवलेली तीन तारांची अँटेना असते, तिला क्लोव्हरलीफच म्हणतात. तिच्यातून निघणारी लहर मळसूत्रासारखी पिळा घेत पुढे जाते. विमान कसंही कललं तरी पीळ तोच राहतो. त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. भिंतीवर, पत्र्यावर किंवा ओल्या जमिनीवर आपटून परतलेल्या लहरीचा पीळ उलटा होतो. उजव्या पिळाची अँटेना डाव्या पिळाची लहर फारशी घेत नाही. थेट आलेलं चित्र तेवढं आत येतं आणि परावर्तित प्रतिध्वनी बऱ्याच अंशी बाहेर राहतो. काही वाकवलेल्या तारांनी एवढं साधतं, हे मला या छंदातलं सर्वांत देखणं भौतिकशास्त्र वाटतं.

विमानाच्या पोटात मात्र एकच रेडिओ नसतो. खालून येणारे हुकूम ऐकणारा रिसीव्हर असतो, चित्र पाठवणारा ट्रान्समीटर असतो, जीपीएस असतो, आणि हे सगळे एकमेकांपासून वीतभर अंतरावर. कुठलाही ट्रान्समीटर आपल्या नेमलेल्या कंपनसंख्येखेरीज तिच्या दुपटीला, तिपटीलाही थोडी गळती करतो. हुकूम 2.4 गिगाहर्ट्‌झवर घ्यायचे आणि चित्र लांब जावं म्हणून 1.2 वर पाठवायचं ठरवलं, तर 1.2 ची दुप्पट नेमकी 2.4. चित्राचा ट्रान्समीटर शेजारच्या रिसीव्हरच्या कानात ओरडत बसतो. बरं, हुकुमांसाठी 433 मेगाहर्ट्‌झ घेतलं, तर त्याची तिप्पट 1299, आणि ते 1.3 गिगाहर्ट्‌झवरच्या चित्राला जाऊन भिडतं. जीपीएसची अवस्था सगळ्यात केविलवाणी. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येणारा तो अतिक्षीण सिग्नल 1575 मेगाहर्ट्‌झवर असतो, जवळच 1.3 वर बोंबलणारा ट्रान्समीटर असला तर त्याला उपग्रह सापडतच नाहीत. मग गाळण्या बसवायच्या, तारा पिळायच्या, एक अँटेना शेपटाकडे आणि दुसरी पंखाच्या टोकाला न्यायची. 5.8 चा पट्टा लोकप्रिय झाला त्यामागे हेही एक कारण आहे. त्याचं हुकुमांच्या 2.4 शी असलं वैर नाही. त्याची किंमत म्हणजे ही लहर झाडाझुडपांना लवकर हार जाते. विमान आंब्यामागे गेलं की चित्र गेलं.

अ‍ॅनालॉग चित्र जाताना सांगून जातं. आधी एखाददुसरा पांढरा ठिपका, मग मुंग्या, मग रंग उडतो, मग चित्र फाटू लागतं. त्या मुंग्या म्हणजे अंतर मोजायचं फुकटचं उपकरण. मुंग्या दाटल्या की शहाणा माणूस विमान वळवतो, आणि वळवलं की त्या कमी होताना दिसतात. डिजिटल पद्धतीचं चित्र कितीतरी स्वच्छ असतं, पण अनेकदा ते बराच वेळ उत्तम राहतं आणि मग एकाएकी चौकोन पडून गोठतं. गोठलेल्या चित्रात आकाश निळंशार असतं आणि विमान, आत्ता या क्षणी, कुठेही असू शकतं. दुकानात दोन गॉगल शेजारी ठेवले तर कोणीही डिजिटलच उचलेल. नवशिक्यानं मात्र सुरुवात मुंग्यांच्या संगतीत करावी असं मला वाटतं.

विलंबाचाही प्रश्न आहे. डिजिटलमध्ये चित्र आवळायचं, पाठवायचं, पुन्हा उलगडायचं, यात काळ जातो. 2019 मध्ये डीजेआय या चिनी कंपनीनं एफपीव्हीसाठी डिजिटल संच आणला तेव्हा 28 मिलिसेकंदांपर्यंत उतरलेला विलंब हीच त्याची मोठी जाहिरात होती. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. तरीही ताशी 120 किलोमीटरनं जाणारं यंत्र तेवढ्यात जवळजवळ मीटरभर पुढे सरकतं. गॉगलमध्ये फांदी मीटरभर लांब दिसते, तेव्हा ती प्रत्यक्षात नाकाला लागलेली असते.

शरीराचीही फसगत होते. डोळे सांगतात आपण गिरकी घेतोय, कानातली तोल सांभाळणारी नळी सांगते आपण खुर्चीवर बसलोय. दोघांचं जमलं नाही की मळमळतं, आणि उभा माणूस विमानाबरोबर कलत कलत पडतो. म्हणून बसून उडवायचं. कॅमेरा एकच असल्यानं खोलीही कळत नाही. तरी उतरवताना जमिनीचा अंदाज येतो, कारण दृश्य आपल्या भोवतीनं ज्या वेगानं मागे वाहतं त्यातून मेंदू वेग आणि उंची काढतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना दृश्याच्या या वाहण्याचा विचार मांडायला सुरुवात केली.

त्याच महायुद्धात या छंदाचे खापरपणजोबाही सापडतात. व्लादिमिर झ्वोरिकिन हे दूरचित्रवाणीच्या कॅमेरा-नळीच्या जनकांपैकी एक. त्यांनी 1934 मध्येच 'विजेचा डोळा' असलेल्या उडत्या टॉर्पेडोची कल्पना लिहून दिली होती. दहा वर्षांनी ती खरी झाली. अमेरिकी नौदलाचं टीडीआर-1 हे दोन इंजिनांचं विमान वाया घालवायचंच होतं. पोलादी नळ्यांचा सांगाडा श्विन या सायकल कंपनीनं केलेला, वरून लाकडी कातडं, आणि नाकात आरसीए कंपनीचा टीव्ही कॅमेरा. 1944 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पॅसिफिकमधल्या बुगनव्हिलच्या परिसरात ही विमानं जपानी ठिकाणांवर सोडली गेली. चालवणारा काही मैल मागून येणाऱ्या अ‍ॅव्हेंजर विमानात, छोट्या पडद्याकडे डोळे लावून बसलेला. अमेरिकेतल्या घराघरांत टीव्ही अजून पोचायचा होता.

युरोपात त्याच वर्षी 'ऑपरेशन अ‍ॅफ्रोडाइटी' चाललं होतं. जुनी बी-17 विमानं स्फोटकांनी भरायची, दोन माणसांनी ती उडवून हवेत न्यायची, पॅराशूटनं उड्या मारायच्या, आणि पुढचं मागच्या विमानातून रेडिओनं. काही विमानांत दोन कॅमेरे होते, एक खालची जमीन दाखवणारा आणि दुसरा चक्क काट्यांच्या तबकड्यांकडे रोखलेला, म्हणजे वेग आणि उंची मागच्याला वाचता यावी. आज गॉगलमधल्या चित्रावरच बॅटरीचे व्होल्ट, उंची, वेग आणि घराकडे दाखवणारा बाण उमटतो. काम तेच, कॅमेरा एक वाचला. नौदलाच्या अशाच एका मोहिमेत 12 ऑगस्ट 1944 रोजी विमान वेळेआधीच हवेत फुटलं आणि जोसेफ केनेडी, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे थोरले भाऊ, ठार झाले.

छंदिष्टांची कायद्याशी गाठ पडली ती बरीच नंतर. राफाएल पिर्कर हा युरोपातला उडवय्या 'टीम ब्लॅकशीप' या गटाच्या चित्रफितींमुळे नावारूपाला आला. 2010 मध्ये या गटानं न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवती विमान फिरवलं होतं. 2011 मध्ये त्यानं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात झेफिर नावाचं फोमचं विमान उडवलं आणि अमेरिकेच्या हवाई प्रशासनानं बेफिकीर उड्डाणाबद्दल दहा हजार डॉलरचा दंड ठोकला. मार्च 2014 मध्ये न्यायाधीशांनी तो रद्द केला. हे विमान ठरवलं तर कागदी बाणही विमान ठरेल, असा त्यांचा सूर होता. नोव्हेंबरमध्ये अपिलात तो निर्णय फिरला. हवेत उडण्यासाठी वापरलेलं कुठलंही यंत्र विमानच, असं ठरलं. शेवटी जानेवारी 2015 मध्ये 1,100 डॉलरवर तडजोड झाली. फोमच्या तुकड्यासाठी एवढा खल हास्यास्पद वाटेल, पण त्या विमानाच्या वाटेत माणसं होती हा आरोप हास्यास्पद नव्हता.

आपल्याकडे बहुतेकांनी असलं यंत्र पहिल्यांदा पाहिलं ते 2009 च्या '3 इडियट्स'मध्ये. जॉय लोबो या विद्यार्थ्याचं अर्धवट राहिलेलं चार पंख्यांचं यंत्र मित्र पुरं करतात, त्याच्या खिडकीपर्यंत उडवतात, आणि कॅमेऱ्यातून त्यांना जे दिसतं त्यानं चित्रपटगृह सुन्न झालं होतं. ते यंत्र आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या आयडियाफोर्जचं होतं. आज नवी मुंबईतली ही कंपनी लष्करासाठी ड्रोन बनवते.

भारताच्या 2021 च्या ड्रोन नियमांत हौसेच्या मॉडेल विमानाची व्याख्याच अशी आहे, की ते 25 किलोंपर्यंतचं असावं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं असावं. परवानगीची गरज नसलेल्या हिरव्या पट्ट्यात उंचीची मर्यादा 400 फूट. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये ती 200 फुटांवर येते आणि त्याच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. लोहगाव, सांताक्रूझ आणि जुहू नकाशावर धरून वर्तुळं काढली तर पुण्या-मुंबईत मोकळी जागा फार उरत नाही. कंपनसंख्याही देशागणिक वेगळ्या. लांबच्या हुकुमांसाठी अमेरिकेत 915 मेगाहर्ट्‌झ, युरोपात 868, भारतात 865 च्या पुढचा अरुंद पट्टा. बाहेरून मागवलेला संच या पट्ट्यावर लावून घ्यावा लागतो.

गॉगल चढवलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात तर विमान नसतंच. म्हणून अमेरिकेतल्या नियमांत शेजारी एक निरीक्षक हवा, ज्याला विमान उघड्या डोळ्यांनी दिसतं आणि जो उडवणाऱ्याशी थेट बोलू शकतो. गॉगलमध्ये पुढचंच दिसतं. बाजूनं येणारी घार, मागून येणारं हेलिकॉप्टर, धावपट्टीवर आलेली गाय हे सगळं त्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात. शिकतानाही दोघं असलेले बरे. पहिल्या काही उड्डाणांत गॉगल मित्राला द्यावा आणि विमान आपण उघड्या डोळ्यांनी उडवावं. मित्राची फुकटात सहल होते, आणि कुठल्या वळणावर चित्र तुटतं हे तो तिथल्या तिथे सांगतो. खाली आल्यावर अँटेना इंचभर इकडे-तिकडे सरकवून बघायची आणि पुन्हा उडवायचं.