लघुपल्ल्याचे बिनतारी संदेशवहन : सामर्थ्य आणि मर्यादा

बिनतारी संदेशवहनाचा इतिहास हा बहुतांशी अंतरावर मात करण्याचा इतिहास आहे. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिक महासागराच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर संकेत पोहोचविला, आणि तेव्हापासून प्रेषकाची शक्ती वाढविणे, आकाशक उंच करणे व पल्ला लांबविणे हेच ह्या शास्त्राचे प्रधान ध्येय मानले गेले. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच शास्त्राची एक शाखा नेमक्या उलट दिशेने वाढीस लागली. खिशातील भ्रमणध्वनीचा कानातील श्रवणसाधनाशी, अथवा पाकिटातील कार्डाचा दुकानातील यंत्राशी संबंध जोडावयाचा असेल, तर काही सेंटिमीटर ते काही मीटर एवढा पल्ला पुरतो. किंबहुना तो त्याहून अधिक नसावा अशीच येथे अपेक्षा असते. आखूड पल्ला हा येथे दोष नसून हेतू आहे. मात्र ह्या हेतूची सिद्धी कोठवर होते आणि कोठे केवळ भास निर्माण होतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ह्या विषयाशी भारताचे नाते जुने आहे. जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्यात केलेल्या जाहीर प्रयोगात भिंतीपलीकडे तरंग पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. त्यांच्या संशोधनातील तरंगांची लांबी मिलिमीटर-सेंटिमीटरच्या मापाची होती. मार्कोनीच्या लांब तरंगांपुढे ते त्या काळी मागे पडले; आजची लघुपल्ल्याची साधने मात्र पुन्हा आखूड तरंगांकडेच वळली आहेत.

पल्ला आखूड का?

प्रेषकापासून निघालेली शक्ती सर्व दिशांना पसरत जाते. त्यामुळे मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की ग्राहीच्या वाट्याला येणारी शक्ती एकचतुर्थांश होते आणि अंतर दसपट झाले की ती शंभरावा हिस्सा उरते. ब्लूटूथ ह्या नावाने परिचित असलेली साधने २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या कंप्रतेवर चालतात. तेथे तरंगांची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. साध्या आकाशकांचा विचार केला, तर १ मिलीवॉट शक्तीच्या प्रेषकापासून १ मीटर अंतरावर त्या शक्तीचा सुमारे दहाहजारावा भाग आणि १० मीटर अंतरावर दहालाखावा भाग मिळतो. ब्लूटूथच्या मूळ मानकाप्रमाणे एक मिलीवॉटच्या एककोटीव्या भागाएवढा क्षीण संकेत ग्राहीला ओळखता आला पाहिजे. ह्या हिशेबाने मोकळ्या मैदानात पल्ला सुमारे ३० मीटर येतो. भिंती, सामानसुमान आणि माणसांची वर्दळ ह्यांमुळे घरात तो १० मीटरच्या आसपास येऊन थांबतो. जेथे अधिक पल्ला हवा असेल तेथे १०० मिलीवॉटपर्यंत शक्ती वापरण्याची सोय त्याच मानकात आहे. सारांश, पल्ला हा साधनाच्या अंगी असलेला स्थिर गुण नसून शक्ती, ग्राहीची संवेदनक्षमता आणि भोवतालची परिस्थिती ह्या तिन्हींचा तो परिणाम होय.

सामर्थ्याची तीन अंगे

आखूड पल्ल्याचा पहिला लाभ म्हणजे एकाच कंप्रतापट्ट्याचा पुनःपुन्हा उपयोग. आकाशवाणीच्या एका केंद्राला दिलेली कंप्रता शेजारच्या जिल्ह्यातील दुसऱ्या केंद्राला सहसा देता येत नाही. उलट, एका इमारतीतील शेकडो लघुपल्ल्याची साधने एकच पट्टा वापरू शकतात, कारण प्रत्येकाचा आवाज आपल्या खोलीपुरताच असतो. ह्यामुळेच २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या साधनांसाठी अनेक देशांनी परवान्याविना खुला ठेवला. भारतात त्यासंबंधीचा नियम २००५ साली झाला.

दुसरा लाभ शक्तीच्या बचतीचा. ब्लूटूथच्या २०१० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत अल्पऊर्जेची एक निराळी पद्धती समाविष्ट झाली. तीत साधन बहुतेक काळ निद्रिस्त असते व ठरावीक अवधीने क्षणभर जागे होऊन आपला अल्पसा संदेश देते. नाण्याएवढ्या विद्युत्घटावर एखादा तापमापक महिनोन्‌महिने चालू शकतो तो ह्यामुळेच.

तिसरे अंग म्हणजे गर्दीत टिकून राहण्याची युक्ती. खुल्या पट्ट्यात वाय-फायची यंत्रे असतात. अन्न तापविणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्यांची गळतीही त्याच कंप्रतांच्या आसपास असते. ह्या कोलाहलातून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ एका कंप्रतेवर स्थिर न राहता १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ७९ मार्गांवरून सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारते. उड्यांचा क्रम दोन्ही बाजूंना ठाऊक असल्यामुळे प्रेषक व ग्राही बरोबरच सरकतात, आणि एखादा मार्ग गोंगाटाने व्यापलेला असला तरी हानी क्षणमात्र होते. कंप्रता बदलत राहण्याची ही कल्पना जुनी आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल ह्यांनी पाणतीराच्या नियंत्रणासाठी अशा योजनेचे एकस्व १९४२ साली मिळविले होते. तीत ८८ कंप्रतांची तरतूद होती. २००३ साली ब्लूटूथमध्ये आणखी एक सुधारणा झाली : गोंगाटाचे मार्ग ओळखून ते वगळावयाचे व उरलेल्यांवरूनच उड्या घ्यावयाच्या.

ब्लूटूथचे कार्य स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास सुरू झाले. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा ह्या पाच कंपन्यांनी मिळून त्याच्या मानकासाठी एक मंडळ स्थापिले. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ ह्याचे नाव आरंभी तात्पुरते म्हणून घेतले होते. तेच पुढे रूढ झाले.

निकटक्षेत्राचा मार्ग

पल्ला याहूनही आखूड हवा असेल तेव्हा तरंगांच्या प्रसारणाऐवजी विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाचा आश्रय घेतला जातो. निकटक्षेत्र संदेशवहनात १३.५६ मेगाहर्ट्झ ही कंप्रता वापरतात. तिची तरंगलांबी सुमारे २२ मीटर असल्यामुळे काही सेंटिमीटर अंतरावरील दोन वेटोळ्यांमधील व्यवहार हा रोहित्राच्या दोन गुंडाळ्यांमधील व्यवहारासारखा असतो. वेटोळ्यापासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र एक-अष्टमांश होते. पल्ल्याला पडलेली ही सीमा केवळ अल्पशक्तीमुळे नव्हे, तर निसर्गनियमामुळेच तीव्र झालेली आहे. शिवाय कार्डाला स्वतःचा विद्युत्घट लागत नाही. वाचकयंत्राच्या क्षेत्रातूनच त्याला शक्ती मिळते.

महामार्गांवरील पथकर नाक्यांवर २०२१ च्या फेब्रुवारीपासून अनिवार्य झालेली फास्टॅगची पट्टीही विद्युत्घटाविना चालते. परंतु तिचे तत्त्व निराळे आहे. तेथे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील तरंग वाहनापर्यंत जातात आणि पट्टी ते बदलून परावर्तित करते. जाताना व येताना दोन्ही वेळा शक्ती घटत असल्याने परतलेला संकेत अंतराच्या चतुर्थ घाताने क्षीण होतो. म्हणूनच हे वाचन काही मीटरपुरतेच मर्यादित राहते, आणि पुढच्या वाहनाचा कर मागच्या वाहनाच्या नावे पडू नये म्हणून ते तसे राहणे इष्टही आहे.

वेग आणि संख्या ह्यांच्या सीमा

ह्या सर्व सोयींची किंमत वेगाच्या रूपाने द्यावी लागते. निकटक्षेत्र पद्धतीचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला ४२४ किलोबिटपर्यंत असतो. ४ मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने पाठवावयाचे झाल्यास सव्वा मिनिट लागेल, आणि तेवढा वेळ दोन साधने एकमेकांना टेकवून धरावी लागतील. ब्लूटूथचा मूळ वेग सेकंदाला १ मेगाबिट होता. २००४ साली तो ३ मेगाबिटपर्यंत गेला. २०१६ च्या पाचव्या आवृत्तीत पल्ला सुमारे चौपट करण्याची सोय झाली, पण त्या प्रकारात वेग सेकंदाला १२५ किलोबिटपर्यंत उतरतो. पल्ला, वेग आणि शक्तीची बचत ही तिन्ही एकाच वेळी हवी तेवढी मिळत नाहीत. मूळ ब्लूटूथच्या एका जाळ्यात मुख्य साधनाबरोबर एका वेळी सातच साधने कार्यरत राहू शकतात, हीही एक सीमा आहे.

सामीप्य म्हणजे सुरक्षितता नव्हे

ह्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. जवळ असल्याखेरीज संदेश ऐकू येत नाही, म्हणून तो सुरक्षित आहे, असा समज सहज होतो. परंतु वर पाहिल्याप्रमाणे पल्ला हा ग्राहीवरही अवलंबून असतो. दिशानुवर्ती आकाशक वापरून साध्या ब्लूटूथ भ्रमणध्वनीशी दीड किलोमीटरहून अधिक अंतरावरून संपर्क साधता येतो, हे २००४ सालीच प्रयोगाने दाखविण्यात आले. २०१९ साली संशोधकांनी आणखी एक दोष उघडकीस आणला : दोन ब्लूटूथ साधने गुप्त किल्ली ठरवीत असताना तिसऱ्याने हस्तक्षेप करून त्या किल्लीची गुंतागुंत एका बाइटवर, म्हणजे केवळ २५६ शक्यतांवर, आणणे शक्य होते. त्यानंतर मानकात दुरुस्ती करण्यात आली.

निकटक्षेत्र पद्धतीलाही हीच बाधा निराळ्या रूपाने होते. एक भामटा कार्डधारकाजवळ उभा राहतो, त्याचा साथीदार दूरच्या यंत्राजवळ, आणि दोघे मधला संवाद इंटरनेटवरून जसाच्या तसा पुढे पाठवितात. कार्ड जवळच आहे असे यंत्राला वाटते. वस्तुतः ते अन्य गावी असू शकते. मोटारीच्या बिनतारी किल्ल्यांच्या बाबतीत ह्या रीतीने चोऱ्या झालेल्या आहेत. सांकेतिक लिपी कितीही अभेद्य असली तरी येथे तिचा उपयोग होत नाही, कारण तिचा भेद करावाच लागत नाही. भारतात गुप्तांकाविना होणाऱ्या संपर्करहित कार्डव्यवहारास २०२१ च्या आरंभापासून ५,००० रुपयांची मर्यादा आहे. अशा सीमेमुळे फसवणूक टळली नाही, तरी एका व्यवहारातील हानी आटोक्यात राहते.

संकेताची तीव्रता आणि अंतर

ह्या तंत्राची खरी कसोटी २०२० साली कोविडच्या साथीत लागली. सिंगापूरने मार्च महिन्यात आणि भारताने २ एप्रिल रोजी आरोग्य सेतूच्या रूपाने ब्लूटूथच्या आधारे संपर्काचा माग काढण्याचा मार्ग स्वीकारला. आरोग्य सेतूत त्याच्या जोडीला स्थाननिश्चितीचाही उपयोग होता. ह्या योजनांमागील कल्पना सरळ होती. अंतरानुसार संकेत क्षीण होतो. तेव्हा त्याची तीव्रता मोजली असता अंतर कळावे.

हा युक्तिवाद मोकळ्या अवकाशात खरा आहे. परंतु माणसे मोकळ्या अवकाशात राहत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झचे तरंग शरीरातील पाण्याकडून मोठ्या प्रमाणात शोषले जातात. समजा, दोन व्यक्ती १ मीटर अंतरावर समोरासमोर उभ्या आहेत, पण भ्रमणध्वनी पाठीमागच्या खिशांत असल्यामुळे मध्ये शरीरे येऊन संकेताचा शंभरावा हिस्साच पोहोचतो. वरील नियमाप्रमाणे गणित केल्यास यंत्र हे अंतर १० मीटर ठरवील आणि धोक्याचा संपर्क नोंदलाच जाणार नाही. उलट, मुंबईतील एखाद्या चाळीत शेजारच्या दोन खोल्यांमध्ये केवळ लाकडी फळ्यांची आडभिंत असेल, तर ती श्वास अडविते, तरंग मात्र फारसे अडवीत नाही. ज्यांची गाठही पडली नाही असे दोन शेजारी यंत्राच्या लेखी निकट संपर्कात येतात. पहिल्या चुकीने रोग पसरतो. दुसरीने निरोगी माणसाच्या पदरी विनाकारण विलगीकरण व मजुरीचे नुकसान येते. धातूच्या डब्यात परावर्तनांमुळे गोंधळ आणखी वाढतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली ट्रामगाडीत केलेल्या मोजणीत, सूचना मिळालेले प्रवासी आणि यदृच्छेने निवडलेले प्रवासी ह्यांत अचूकतेच्या दृष्टीने फारसा फरक आढळला नाही.

येथे दोष तरंगांचा नव्हे. जे मोजले त्यावरून जे मोजले नाही ते गृहीत धरण्याचा आहे. संकेत पोहोचला, एवढेच ब्लूटूथ निश्चयाने सांगू शकते. अंतर खरोखर मोजावयाचे असेल तर तीव्रतेऐवजी काळ मोजला पाहिजे. विद्युच्चुंबकीय तरंग एका सेकंदाच्या अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातात. अतिरुंदपट्टी पद्धतीत अत्यंत अल्पकालिक स्पंद पाठवून त्यांच्या जाण्यायेण्याचा काळ मोजतात व अंतर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने काढतात. मध्यस्थाने संकेत पुढे पाठविला तर विलंब वाढतो व अंतर अधिकच भरते. म्हणून मोटारींच्या नव्या किल्ल्यांत ही पद्धती येऊ लागली आहे. तथापि तिलाही शरीराचा अडथळा पूर्णपणे टळत नाही, आणि आडभिंतीच्या पलीकडचा शेजारी तिच्याही दृष्टीने जवळचाच असतो.

तात्पर्य, लघुपल्ल्याच्या संदेशवहनाचे सामर्थ्य त्याच्या मर्यादेतूनच उद्भवते. अल्प शक्ती, खुला पट्टा आणि अल्प खर्च ही आखूड पल्ल्याचीच फळे होत. परंतु पल्ल्याची ही मर्यादा म्हणजे काटेकोर कुंपण नव्हे; ती परिस्थितीप्रमाणे सरकणारी, धूसर अशी रेषा आहे. दोन साधनांना जोडण्याच्या कामी तिचा भरवसा धरण्यास हरकत नाही. माणसाचे धन, त्याची ओळख अथवा त्याचे आरोग्य ह्यांविषयीचा निर्णय त्या रेषेवर सोपविण्यापूर्वी मात्र दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याची जोड असलीच पाहिजे.