नीरा वाहते, पण अवेळी

‘ऐन वैशाखातसुद्धा भाटघर धरणाखाली पाणी असतं, मग नदीचं बिघडलंय काय?’ भोरमध्ये हा सवाल ठरलेला. ते पाणी आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी ठरवून सोडलेलं असतं. वेळवंडीवरचं भाटघर (२३.५० टीएमसी), नीरेवरचं नीरा देवघर (११.७३) आणि वेल्ह्यातलं गुंजवणी (३.६९) ही धरणं पावसाळ्यात पाणी अडवतात आणि उन्हाळ्यात सोडतात. बरंचसं पाणी पात्रातूनच वीर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी बारामती-इंदापूर, फलटण-माळशिरसकडे. म्हणजे नदी उन्हाळ्यात फुगते आणि ऐन आषाढात, धरण भरेपर्यंत, रोडावते. पाण्याचा आकडा जुळला तरी वेळ उलटी होते.

माशांचं सगळं गणित त्या वेळेवर. मृगाचा पहिला लोंढा आला, पाणी गढुळलं की ते प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत चढतात आणि अंडी घालतात. हेच आपले चढणीचे मासे. लोंढाच आला नाही तर चढण कसली? त्यातून जे चढतात, त्यांना उथळ पाण्यात गाठून गाभोळीसकट कढईत टाकणं ही आपली हौस.

‘मग धरणं फोडायची का?’ तसं कोणी म्हणत नाही. धरणातून सोडायच्या पाण्याचं वेळापत्रक नदीच्या चालीशी जुळवता येतं. गंगेसाठी केंद्राने २०१८ साली तसा नियमच केला: उगमाच्या हिमनद्यांपासून हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यात महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या किमान २० टक्के पाणी हिवाळ्यात आणि ३० टक्के पावसाळ्यात नदीत राहिलंच पाहिजे.

‘पोकलेन लावून पात्र खोल केलं की नदी जिवंत होते’ हा समज जास्त घातक, कारण तो पुण्यकर्म म्हणून केला जातो. सरसकट उकरताना डोह, खडकाळ धावत्या पाण्याचे टप्पे, काठची शेरणीची झुडपं आणि वाळुंजाची झाडं सगळंच जातं. शेरणीची मुळं खडकाच्या फटींत घट्ट रुततात आणि पुरात ती आडवी होऊन पुन्हा उभी राहते. जाळीत दगड भरून बांधलेल्या गॅबियनच्या भिंतीला हे जमत नाही.

‘डोंगर जाळला की गवत जोमाने येतं’ हा असाच आणखी एक समज. राख पाहून तसं वाटतं खरं. पण वणव्यात रोपं आणि पालापाचोळा जळतो, उघडी माती पहिल्याच पावसात ओढ्यात उतरते आणि पाणी मुरायचं राहून जातं. तोरणा-राजगडाच्या पायथ्याला एवढा पाऊस पडूनही काही वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, त्यात काळ्या कातळाबरोबर या वणव्यांचाही हात आहे. याच्या उलट चित्र देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांचं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा राया धुंडाळल्या. तिथे देवाच्या धाकाने कुऱ्हाड चालली नाही आणि कित्येक ठिकाणी झऱ्याचा उगमही राईतच सापडतो.