कुप्याची कोशिंबीर

मालदीवच्या एका लहान बेटावर आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या यजमानीणबाई सकाळी साडेसहाला बसक्या खवणीवर नारळ खवत होत्या. खवणी थेट आपल्या कोकणातल्या आडोळीच्या जातीची: बसायला लाकडी पाट आणि पुढे निघालेलं दातेरी पातं. नारळ खवून झाल्यावर त्यांनी ताटात बारीक चिरलेला कांदा घेतला. त्यात एक गोलसर झणझणीत मिरची, मीठ आणि लिंबाचा रस घातला आणि सगळं बोटांनी चुरायला घेतलं. चांगली चार-पाच मिनिटं त्या चुरत होत्या. कांद्याला पाणी सुटलं, त्याचा उग्रपणा गेला, मिरचीचा वास स्वयंपाकघरभर झाला, तेव्हा कुठे त्यांनी शिजवलेल्या माशाचे तुकडे कुस्करून त्यात मिसळले. खोबरं सगळ्यात शेवटी. ते मात्र चुरायचं नाही, नुसतं हलक्या हाताने वरखाली करायचं. सोबत पातळ, गरम रोशी आणि गोड चहा. हा तिथला रोजचा नाश्ता.

पदार्थाचं नाव मस हुनी. मस म्हणजे मासा, हुनी म्हणजे खवलेलं खोबरं. मालदीवची दिवेही ही भाषा मराठीसारखीच संस्कृतच्या गोतावळ्यातली आहे, त्यामुळे त्या ताटाभोवतीचे शब्द कानाला परके वाटत नाहीत. मीठ म्हणजे लोणू, मिरची म्हणजे मिरुस, आणि रोशी ही आपल्या रोटीची बहीण. मासा असतो ट्यूना, त्यातही बहुतेक वेळा स्किपजॅक. आपल्याकडे बाजारात कुपा किंवा गेदर म्हणून जी मासळी येते, त्याच घराण्यातला.

पहिला घास घेतला आणि मला वेंगुर्ल्याची आत्या आठवली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की तिच्या घरी सुक्या बांगड्याची किसमूर व्हायची. चुलीच्या निखाऱ्यावर बांगडा भाजायचा, काटे काढून मांस कुस्करायचं, मग कांदा, मिरची, आमसुलाचं पाणी, ओलं खोबरं आणि वर कच्च्या खोबरेल तेलाचे चार थेंब. मी लहान असताना एकदा सगळं एकदम ताटात घालून कालवलं, तर ती म्हणाली, "आदी कांदो चुरून घे गो बाय. खोबरा सगळ्यात शेवटाक." हजारभर किलोमीटर दूरच्या बेटावर कोणी न सांगता तोच क्रम पाळला जात होता.

तेव्हापासून ट्यूना सॅलडकडे बघायची माझी नजर बदलली. शहरात आपल्याला हा पदार्थ भेटतो तो पावाच्या दोन त्रिकोणी तुकड्यांमध्ये, मेयॉनीजमध्ये बुडालेला, कुठेतरी सेलरीचा किंवा ढोबळी मिरचीचा तुकडा. परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या कितीतरी मुलांनी डब्यातल्या ट्यूनावर महिने काढले, आणि कंटाळून त्यात हिरवी मिरची, कांदा, हळद घालून त्याची भुर्जी केली. मुलांचं बरोबर होतं. डब्यातला मासा मुळातच नीट समजून घ्यावा लागतो.

ट्यूनाची डबाबंदी अमेरिकेत रुजली ती कॅलिफोर्नियात, १९०३ साली. सॅन पेद्रोच्या बंदरात अल्बर्ट हाफहिल यांचा सार्डिनचा कारखाना होता. त्या मोसमात सार्डिन मिळेना, म्हणून त्यांनी रिकाम्या डब्यांत अल्बाकोर जातीचा ट्यूना वाफवून भरून पाहिला. वाफवल्यावर मांस पांढरं होतं आणि चवीला कोंबडीच्या जवळ जातं, हे लक्षात आलं, आणि माशाला नाक मुरडणाऱ्या लोकांनाही तो विकता आला. डब्यातला ट्यूना दोनदा शिजतो: एकदा डब्यात भरण्याआधी आणि दुसऱ्यांदा डबा सीलबंद केल्यावर, जंतू मारण्यासाठी, दाबाखाली. स्किपजॅकमध्ये चरबी मुळातच थोडी. दोनदा शिजल्यावर त्याचे धागे कोरडे होतात आणि तोंडात चोथा फिरल्यासारखा वाटतो. मेयॉनीज हा ह्या कोरडेपणावर सोपा उपाय. तेल, अंड्याचा बलक आणि आंबट, असं तिन्ही एका बाटलीत मिळाल्यावर कोणी दुसरं काही शोधलं नाही.

पण जिथे जिथे ट्यूना किनाऱ्याला लागतो, तिथल्या लोकांनी हाच प्रश्न आपापल्या घरातल्या वस्तूंनी सोडवला आहे. मालदीवमध्ये खोबऱ्याने. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्ह तेलाने.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहराचं सॅलाद निस्वाझ जगभर गेलं आणि जाताना फार बदललं. हॉटेलांमध्ये त्यात उकडलेला बटाटा आणि फरसबी असतेच. एस्कोफिएसारख्या नामवंत आचाऱ्याने बटाटा घातला, आणि तो तर नीसजवळच्याच गावात जन्मलेला. नीसचे लोक मात्र हे मानत नाहीत. शहराचे अनेक वर्षं महापौर राहिलेले जाक मेदसँ यांनी १९७२ साली तिथल्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी कळकळीने बजावलं की ह्या सॅलडमध्ये उकडलेली भाजी घालू नका. उकडलेलं अंडं चालेल, बाकी सगळं कच्चं. टोमॅटो, काकडी, पातीचा कांदा, कोवळ्या शेंगांचे दाणे, तुळशीच्या जातीचं बेझिल, आणि अँचोव्ही किंवा ट्यूना. माझ्या मते त्यांचा हट्ट चवीच्या दृष्टीने अचूक आहे. मासा आधीच शिजलेला आणि मऊ. त्याच्या शेजारी आणखी मऊ बटाटा ठेवला तर दाताला काही कामच उरत नाही. कच्च्या भाजीचा कुरकुरीतपणा आणि टोमॅटोचा रस हवाच. हेच सॅलड गोल पावात भरून, पाव रसात मुरवून खातात, त्याला पाँ बान्या म्हणतात, म्हणजे न्हालेला पाव.

टोमॅटो आणि ट्यूना एकत्र इतके छान का लागतात, ह्याचं उत्तर जपानमध्ये मिळालं. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोम्बू ह्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ साली कात्सुओबुशीत इनोसिनेट शोधलं. कात्सुओबुशी म्हणजे धूर देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला स्किपजॅक. पुढे असं दिसलं की ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की उमामीची चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटीने वाढते. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर, ट्यूनात इनोसिनेट. म्हणून ट्यूनाच्या कोशिंबिरीत लाल, पूर्ण पिकलेला टोमॅटो घालावा, फिका आणि टणक घालू नये. चिरून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवावा आणि सुटलेलं पाणी फेकू नये. त्याच पाण्यात मासा कालवावा.

इटलीत तोस्कानाकडे ट्यूना आणि पांढरा शेंगदाण्याएवढा राजमा, वर लाल कांदा आणि ऑलिव्ह तेल, बस. गरिबाघरचं पोटभरीचं खाणं. कडधान्याचा पिठूळपणा कोरड्या माशाला सावरतो. आपल्याकडे पांढरा राजमा मिळतोच, पण मी हा प्रयोग चवळीवर केला आणि तो अधिक आवडला. चवळी नीट शिजवायची पण दाणा फुटू द्यायचा नाही, आणि ती गरम असतानाच तेल, मीठ, लिंबू लावायचं. थंड झालेली चवळी चव आत घेत नाही.

ट्युनिशियाचं मेशुइया सॅलड तर आपल्या भरिताचं सख्खं भावंड आहे. टोमॅटो, ढोबळी व तिखट मिरच्या, लसूण विस्तवावर काळे होईपर्यंत भाजायचे, सोलून ठेचायचे, शहाजिऱ्याच्या जातीची कॅरवे पूड घालायची आणि वर ट्यूना, अंडं, ऑलिव्ह. एकदा खानदेशी पद्धतीच्या, हिरवी मिरची घातलेल्या वांग्याच्या भरितावर मी ट्यूनाचे तुकडे मांडले. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि मासा, ही जोडी इतकी जमली की घरात परत परत मागणी होते. त्यात शेंगदाणे नकोत, पातीचा कांदा मात्र भरपूर.

आता माशाकडे. आपल्या देशात ट्यूनाचं खरं घर लक्षद्वीप, आणि त्यातही मिनिकॉय. भाषेने आणि रीतिरिवाजाने ते मालदीवला जवळ. तिथे जिवंत बारीक मासे समुद्रात टाकून स्किपजॅकचा थवा होडीजवळ आणतात आणि बांबूच्या काठीला लावलेल्या, काटेरी अडकण नसलेल्या गळाने एकेक मासा वर खेचतात. जाळं टाकून समुद्र खरवडत नाहीत, त्यामुळे कासवं आणि डॉल्फिन अडकत नाहीत. मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवला की त्याचं मासमिन होतं, महिनोन्‌महिने टिकतं. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये राहिलेल्या इब्न बतूताने अशा सुक्या माशाची भारत, चीन आणि येमेनला होणारी निर्यात नोंदवली आहे. श्रीलंकेत आजही खोबऱ्याच्या पोल सांबोलात तो कुटून घालतात.

आपल्या बाजारात कुपा स्वस्त मिळतो, कारण सुरमई-पापलेटच्या घरात त्याला मान नाही. रक्तासारखं गडद मांस आणि उग्र वास, ही तक्रार. मणक्याच्या दोन्ही अंगांना धावणारी गडद पट्टी सुरीने काढली तर अर्धी तक्रार तिथेच संपते. उरलेले तुकडे मिठाच्या पाण्यात, दोन-तीन आमसुलं टाकून, मंद आचेवर शिजवायचे आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे. पाण्यातून काढून गार केलेला कुपा कोरडा पडतो. हे पाणीसुद्धा ओतू नये. मालदीवमध्ये त्याला गरुडिया म्हणतात आणि भाताबरोबर, लिंबू पिळून, पितात.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कुपा बर्फात ठेवलेला असेल तरच घ्यावा. ह्या कुळातल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा तापला की जंतू त्याचं हिस्टामीन करतात, आणि एकदा झालेलं हिस्टामीन शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. लोक त्याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात आणि आयुष्यभर मासा सोडतात, दोष असतो तो उन्हात पडलेल्या पाटीचा. डबा उघडल्यावरही उरलेला मासा काचेच्या भांड्यात काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. आणि घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर डब्यावरची जात वाचावी. स्किपजॅकमध्ये पारा कमी असतो, अल्बाकोरमध्ये त्याच्या साधारण तिप्पट.

आता माझी कोशिंबीर. डबा पाण्यातला असेल तर चाळणीत निथळून हाताने हलकेच दाबते. तेलातला असेल तर तेल राखून ठेवते. कांदा मिठाने चुरते. आंबटासाठी लिंबाऐवजी कोकमाचं आगळ, कारण त्याच्या तुरट कडेने माशाचा उग्रपणा लिंबापेक्षा चांगला बसतो. आगळ खारट असतं, म्हणून मीठ आधी बेतानेच. तिरफळं मिळाली तर बिया काढून नुसती टरफलं कोमट पाण्यात ठेचून भिजवते आणि ते पाणी चमचाभर घालते. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ लागतं त्याच कारणाने ते इथेही लागतं: उग्र वासाच्या माशाला त्याची झिणझिणी पेलते. युरोपात जिथे खारवलेले केपर घालतात, तिथे मी मिठाच्या पाण्यातली कैरी बारीक चिरून घालते. केपरच हवे असतील तर राजस्थानी केर वापरून पाहा, ते त्याच कुळातलं फळ आहे.

दह्याचा चक्का लावून मेयॉनीजची जागा भरता येते, पण आमच्याकडे मासा आणि दही एका ताटात घेत नाहीत, आणि मला तो नेम मोडावासा वाटला नाही. ओल्या खोबऱ्याने काम जास्त चांगलं होतं. खोबऱ्यात तेल आहे, गोडवा आहे, ओल आहे, आणि चावायला काही तरी आहे. फ्रिजमधलं गोठलेलं खोबरं मात्र नको. थंड खोबऱ्याचं तेल थिजलेलं असतं आणि जिभेवर मेणासारखं लागतं.

मालदीवमध्ये मस हुनीत पालेही घालतात, त्यातला एक शेवग्याचा. हा धडा मी तिथूनच उचलला. कोवळा पाला देठावरून ओरबाडून, अगदी बारीक चिरून, चुरलेल्या कांद्याबरोबरच मिठाने चुरायचा. नुसता वरून घातला तर कडू लागतो. पावसाळ्यात शेवग्याऐवजी टाकळ्याचा पाला घालून पाहिला, तो जमला नाही, फार लिबलिबीत झाला. वर भाजलेला पोह्याचा पापड चुरून घालायचा, तोही ताटात वाढताना, कारण पाच मिनिटांत तो ओलावतो.

मागच्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेले, तेव्हा बरोबर दोन डबे नेले होते. आत्या आता चुलीपाशी बसत नाही, ओसरीवर बसून सगळं बघते. मी परातीत कांदा चुरत होते तेव्हा ती काही बोलली नाही. खोबरं शेवटी घातलं, तेव्हा मान हलवली. भाताच्या पेजेबरोबर दोन घास खाल्ले आणि रिकामा डबा हातात घेऊन त्यावरचं चित्र न्याहाळत विचारलं, "ह्यो कुपोच मां गो?" मी हो म्हटलं. तिने आगळाची बाटली पुढे ओढली आणि परातीत आणखी अर्धा चमचा घातलं.