कॅम्परव्हॅनचा हेडलाइट मिणमिणतोय? नवा बल्ब घेण्याआधी हे तपासा

रात्रीचे साडेनऊ, आंबा घाट, धुकं. कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला निघालेलो आम्ही चार मित्र आणि भाड्यानं घेतलेली कॅम्परव्हॅन. घाट उतरायला लागलो तेव्हा लक्षात आलं की डावीकडचा हेडलाइट पांढरा नाही, नारिंगी दिसतोय. देवघरातल्या दिव्यासारखा. उजवा व्यवस्थित होता, त्यामुळे समोरचं दिसत होतं, पण रस्त्याची डावी कड पूर्ण अंधारात. एका वळणावर सायकल हातात धरून चालत निघालेला एक माणूस अगदी आरशापाशी आल्यावर दिसला. त्यानंतर साखरप्यापर्यंत कोणी बोललं नाही. पंधराच्या स्पीडनं उतरलो आणि तिथल्या पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावून झोपलो.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता अशा गाड्या भाड्यानं सहज मिळतात. मिनीबस किंवा व्हॅन घ्यायची, आत बेड, ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी, जास्तीची बॅटरी बसवायची, झाली कॅम्परव्हॅन. पण मूळ गाडीच्या वायरिंगमध्ये नंतर बरेच हात लागलेले असतात. आणि बिघाड होतो तो बहुतेक वेळा या नंतर लागलेल्या हातांच्या जागीच.

मीटर म्हणाला, सगळं ठीक आहे

मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी बॅगेत एक साधा मल्टिमीटर असतो. सकाळी उठून आधी बल्ब बदलला (गाडीत स्पेअर होता, एच४ प्रकारचा). काही फरक नाही. मग सॉकेट काढून मीटर लावला, १२.६ व्होल्ट. म्हणजे पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज येतंय. अर्थिंगची वायर तपासली, कंटिन्युइटीचा बीप वाजला. म्हणजे वायर तुटलेली नाही. करंट येतोय, परतीचा रस्ता आहे, बल्ब नवा आहे, तरी दिवा नारिंगी! मी चक्रावलो.

पंपाशेजारी गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करणारे एक काका होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून एक इंडिकेटरचा बल्ब काढला. त्याला दोन वायरी डाग देऊन जोडलेल्या, बस. एवढंच त्यांचं टेस्टर. दोन्ही टोकं त्यांनी हेडलाइटच्या सॉकेटमध्ये लावली. बल्ब जेमतेम पेटला. मग अर्थिंगचं टोक सॉकेटमधून काढून सरळ बॅटरीच्या मायनसला लावलं. बल्ब लख्ख!

"प्लस चांगला आहे, अर्थ गेलाय," काका म्हणाले. "तुमचा मीटर खोटं नाय बोलत हो. पण तुम्ही त्याला कामच दिलं नाय."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही, पण सगळी गोष्ट त्याच वाक्यात आहे. आणि ती तुम्ही रोज अनुभवता, फोन चार्ज करताना.

एखादी स्वस्त, लांबलचक केबल लावली की फोनवर 'चार्जिंग' असं दिसतं, पण तासाभरानं बघावं तर टक्के जिथल्या तिथे. का? समजा त्या बारीक तारेचा रोध पाव ओहम आहे. २ अँपिअर करंट वाहायला लागला की अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो. ५ व्होल्टचे फोनपाशी पोचेपर्यंत साडेचार राहतात, आणि फोन गुपचूप करंट कमी करतो. मात्र त्याच केबलच्या टोकाला नुसता मीटर लावला तर तो पूर्ण ५ व्होल्ट दाखवणार. कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. करंट नाही, तर रोधात व्होल्टेज पडणार कसं?

हेडलाइटचंही तेच. एच४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, डिपरची ५५ वॅटची आणि अपरची ६० वॅटची. १२ व्होल्टवर डिपरला साधारण साडेचार अँपिअर लागतात. आमच्या अर्थिंगच्या जोडात काही ओहमचा रोध तयार झाला होता. मीटरच्या नाममात्र करंटला तो दिसतच नाही, आणि स्वस्तातल्या मीटरचा बीप तर तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजतो. साडेचार अँपिअर मागणाऱ्या बल्बला मात्र तो भिंतीसारखा आडवा येतो. काकांचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणून त्याला लगेच कळलं.

मीटर असेल तर तो असा वापरा

सॉकेट काढू नका. बल्ब जागेवर ठेवा, दिवा चालू ठेवा आणि मग मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसवर धरा आणि दुसरं सॉकेटच्या मागून अर्थच्या पिनेला टेकवा. दोन्ही 'मायनस'च आहेत, तर शून्य दिसायला हवं. ०.१-०.२ व्होल्ट चालतं. आमच्याकडे साडेसात दिसले! म्हणजे बॅटरीच्या बारापैकी साडेसात व्होल्ट बल्बला मिळतच नव्हते. प्लसच्या बाजूलाही असंच करायचं, एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं सॉकेटच्या डिपर पिनेवर. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर फ्यूज, रिले, स्विच, जोड असं एकेक टप्पा पुढे सरकत मोजायचं. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो, बिघाड तिथे. आमच्या भाषेत सांगायचं तर बग शोधताना कोड अर्ध्यात तोडून बघतो तसंच.

थोडंसं व्होल्टेज गेलं तर काय बिघडतं, असं वाटेल. पण हॅलोजनचं गणित क्रूर आहे. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की प्रकाश जवळपास ३० टक्के कमी होतो. शिवाय हरवलेलं व्होल्टेज हवेत जात नाही, त्या जोडात उष्णता होऊन बसतं. सॉकेटमध्ये सव्वा व्होल्ट पडत असेल तर पाच-सहा वॅट तिथेच जळतात. सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी, वितळल्यासारखं दिसलं तर कारण हेच.

अर्थ खराब असल्याची एक खूण मीटरशिवायही दिसते, आणि आम्हाला ती रात्रीच दिसली होती, फक्त अर्थ कळला नव्हता (शब्दशः!). डिपर चालू असताना डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा अंधुक पेटलेला होता. करंटला स्वतःच्या अर्थमधून परत जाता आलं नाही, की तो आडवाट शोधतो. डाव्या बल्बच्या अपर फिलामेंटमधून उलटा शिरतो, अपरच्या वायरनं उजव्या बल्बपर्यंत जातो आणि त्याच्या अर्थमधून बाहेर पडतो. वाटेत तो निळा दिवाही थोडा उजळतो. तीन फिलामेंट एकामागोमाग एक, प्रत्येकाच्या वाट्याला चारेक व्होल्ट. म्हणून तो नारिंगी रंग. (काही गाड्यांमध्ये स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे ही खूण अशीच दिसेल असं नाही.)

अर्थच्या वायरीचा माग काढत गेलो तर ती बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला स्क्रूनं आवळलेली सापडली. कॅम्पर बनवताना कोणीतरी तो स्क्रू काढला, पत्र्याला छान रंग मारला आणि रंगावरच पुन्हा आवळला. रंगातून करंट जात नाही. जो काही जात होता तो स्क्रूच्या आट्यांमधून, आणि पावसाळ्यात आटेही गंजले. काकांनी बॅटरीचं मायनस सोडवलं, पॉलिश पेपरनं रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत केला, नवीन रिंग, दात्यांचा वॉशर, घट्ट आवळणी, आणि वरून ग्रीस. उजव्या बाजूचा अर्थही तसाच रंगावर बसवलेला होता, तोही केला. मीटर ०.१ व्होल्ट. गाडीच्या मालकाला फोन केला होता तर तो म्हणाला होता, "बल्ब बदला, बिल पाठवा." आम्ही त्याला घासलेल्या पत्र्याचा फोटो पाठवला.

दोन सूचना इथेच. अलीकडच्या ज्या गाड्यांचे दिवे कंप्युटर मोड्यूलमधून चालतात, तिथे काकांसारखा बल्ब वाटेल त्या वायरीला लावू नका. त्यातल्या सेन्सरच्या आणि सिग्नलच्या वायरी एवढा करंट सहन करत नाहीत. आणि 'उजेड कमी पडतोय, १००/९० वॅटचे बल्ब टाका' हा सल्ला तर ऐकूच नका. दोन्ही डिपरचे मिळून पंधरा अँपिअर होतात, कंपनीची वायर आणि स्विच तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. फार तर बॅटरीपासून फ्यूज टाकून जाड वायर आणि रिले घाला, पण बल्ब ६०/५५ चेच ठेवा. पूर्ण १३ व्होल्ट मिळालेला साधा बल्ब, अकरावर रखडणाऱ्या महागड्या बल्बपेक्षा कितीतरी जास्त उजेड देतो.

उजेड आला, पण समोरचे चिडले

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे निघालो. दोन्ही दिवे पांढरेशुभ्र, आम्ही खूश. आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला डिपर मारतेय. आम्ही तर डिपरवरच होतो! एका ट्रकवाल्यानं शेवटी अपर टाकून दिला, तेव्हा दोन सेकंद मला पांढऱ्याशिवाय काही दिसलं नाही. आम्ही समोरच्यांचं नेमकं तेच करत होतो.

हा वायरिंगचा नाही, वजनाचा प्रश्न होता. डिपरचा झोत थोडा खाली झुकलेला असतो, साधारण एक टक्का. म्हणजे १० मीटर पुढे गेल्यावर १० सेंटिमीटर खाली. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल तर झोताची वरची कड ८० मीटरवर रस्त्याला टेकते. आता आमच्या गाडीची पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे. सकाळी आम्ही ती काठोकाठ भरली होती, १०० लिटर म्हणजे १०० किलो, शिवाय बॅटरी, फ्रिज, सामान, सगळं मागेच. पुढच्या-मागच्या चाकांत साडेतीन मीटर अंतर असेल आणि मागची बाजू फक्त साडेतीन सेंटिमीटर बसली, तर गाडी बरोबर एक टक्का वर बघायला लागते. झुकाव संपला. झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यात.

फोनमधल्या लेव्हल ॲपनं हे तपासायचा मोह होईल. मलाही झाला. पण एक टक्का म्हणजे जेमतेम अर्धा अंश, आणि ॲप पूर्ण अंशात आकडा दाखवतं. भिंत आणि चिकटपट्टी जास्त भरवशाची. सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, टाकी आणि सामान प्रवासात असतं तसंच, चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं. दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर पट्टी लावा, आणि दुसरी पट्टी तिच्या ५ सेंटिमीटर खाली. डिपरच्या उजेडाची वरची कड खालच्या पट्टीपाशी यायला हवी. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ती कड डावीकडे थोडी वर चढलेली दिसेल, ते बरोबर आहे. उजवीकडे चढलेली दिसली तर दिवा दुसऱ्या देशातल्या गाडीचा आहे, तो फिरवून सुधारत नाही.

भिंतीवरच्या झोताचा फोटो काढताना कॅमेरा ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा स्वतःच अंधुक दिवा उजळून दाखवतो. प्रो मोडमध्ये आयएसओ आणि शटर एकदा ठरवा आणि आधीचा-नंतरचा फोटो त्याच सेटिंगवर काढा.

आणि कड नावाची गोष्टच दिसत नसेल, नुसता उजेडाचा ढग दिसत असेल, तर आत बाजारातून आणलेला एलईडी बल्ब आहे का बघा. हॅलोजन एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून वर स्वच्छ कड तयार होते. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या मिलिमीटरभर जागेसाठी बनवलेला असतो. एलईडीची चिप नेमकी तिथे नसली, किंवा कॉलर थोडी फिरलेली बसली, की उजेड वाटेल तिकडे जातो. ड्रायव्हरला वाटतं भरपूर उजेड पडला. पडला खरा, पण समोरच्याच्या काचेवर.

आमच्या गाडीत हॅलोजनच होते आणि कड स्वच्छ होती, फक्त भिंतीवर वरच्या पट्टीच्याही किंचित वर. स्क्रू फिरवायची गरजच पडली नाही. स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचा एक छोटा डायल असतो, हेडलाइटचा झोत खाली-वर करायचा. आम्ही तो दोन दिवस एसीचा समजत होतो. २ वर नेला, कड खालच्या पट्टीवर आली. परतताना आंबा घाटात एकाही गाडीनं डिपर मारला नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. टाकी रिकामी झाली की मागची बाजू पुन्हा वर येते, आणि २ वर ठेवलेला झोत ४० मीटरच्या आतच रस्त्यात घुसतो. आंघोळी उरकून निघाल्यावर डायल परत शून्यावर.