रक्ताच्या नावाखाली

नवी दिल्ली स्टेशनच्या पश्चिमेला पसरलेल्या पहाडगंजात लग्नाचे निदान तीन कायदे नांदतात. मुलतानी ढांडा भागात फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांची वस्ती झाली. नबी करीममध्ये मुसलमान घरं आहेत. नोकरीधंद्यासाठी आलेली मराठी माणसंही इथलीच; नूतन मराठी शाळा पहाडगंजातच आहे. आता विचारा, मुलाला कोणती मुलगी चालेल? कितीतरी मराठी जातींत मामाची मुलगी चालते, एवढंच नव्हे, तिच्यावर हक्क सांगितला जातो. आत्याची मुलगी मात्र सहसा नको, आणि चुलत बहीण तर सख्खीच. पंजाबी हिंदू घरात या तिघीही बहिणी. मुसलमान घरात तिघींपैकी कोणाशीही निकाह होऊ शकतो.

तिन्ही घरांतली वडीलधारी माणसं आपापला नियम रक्ताच्या नावाने सांगतात. पण रक्ताचा हिशेब तर तिन्ही घरांत एकच आहे. मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, तिघींशीही मुलाची सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. म्हणजे एकीला लक्ष्मी आणि दुसरीला बहीण ठरवलं ते रूढीने. नात्यांचे हे नियम प्रदेशानुसार कसे बदलतात, हे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात मांडलं, आणि उत्तर व दक्षिण पद्धतींच्या मधला पट्टा म्हणून महाराष्ट्राकडे पाहिलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीला जागा ठेवली आहे: आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांच्या आतलं लग्न चालत नाही, मात्र दोघांच्या घरची रूढी मान्यता देत असेल तर चालतं.

मग नात्यातल्या लग्नाचा धोका खोटा का? नाही, पण तो जेवढा आहे तेवढाच सांगायला हवा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषांचं प्रमाण एरवी सुमारे ३ टक्के, तर आईवडील एकमेकांचे चुलत-मामे भावंड असतील तेव्हा सुमारे ६ टक्के दिसलं. धोका दुप्पट झाला, हे खरं. शंभरातली चौऱ्याण्णव बाळं या दोषांपासून मुक्त होती, हेही तितकंच खरं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत सोयरीक होत राहिली की मात्र धोका साचत जातो.

निसर्गाचा हात दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. इस्रायलच्या किब्बुत्झ वसाहतींत रक्ताचं नातं नसलेली मुलं पाळणाघरापासून एकत्र वाढत. लग्नाला कुणाची आडकाठी नव्हती. तरीही अडीच हजारांहून अधिक लग्नांची नोंद तपासली तेव्हा एकाच गटात लहानपणापासून वाढलेल्यांची लग्नं जवळजवळ सापडलीच नाहीत. ज्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालो त्याच्याविषयी ओढ वाटत नाही, एवढंच निसर्गाला कळतं. वंशावळ त्याला वाचता येत नाही.

गोत्र तर वडिलांच्याच बाजूने चालतं, आईकडचे सारे पूर्वज त्यातून गळतात. सगोत्र विवाह १९४६ च्या कायद्याने वैध झाला, हे अजून कितीतरी घरांना माहीत नाही. त्यानंतर एकसष्ट वर्षांनी, २००७ मध्ये, दिल्लीपासून काही तासांवरच्या कैथल जिल्ह्यातल्या एका तरुण जोडप्याला सगोत्र लग्न केलं म्हणून मारून टाकण्यात आलं. हे लिहिताना आजही संताप येतो.

जातीचंही तसंच. ‘आपल्या रक्तात मिसळ नको’ म्हणणाऱ्यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचं २०१३ चं संशोधन पाहावं. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले, आणि त्याच्या खुणा जवळजवळ सर्व गटांत सापडतात, भिल्लांतसुद्धा. दारं बंद झाली ती नंतर. जातीबाहेर लग्न न करणं हाच जातीचा गाभा आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतल्या आपल्या निवासस्थानी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी विवाह केला. त्या सारस्वत ब्राह्मण घरातल्या होत्या; लग्न जातीबाहेरचं होतं.

आवडही उपजतच असते, असं म्हणतात. ‘पुरुषाला रूप हवं, बाईला पैसा’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांच्या १९८९ च्या पाहणीत ३७ समाजांतली १०,०४७ माणसं होती, भारतीयही होते. सरासरीत तो फरक बहुतेक ठिकाणी दिसला, आणि २०२० मध्ये ४५ देशांत पुन्हा दिसला. मात्र बस यांच्या पाहणीत स्त्री-पुरुष दोघांच्याही यादीत सर्वात वर होते समजूतदार, मायाळू स्वभाव आणि हुशारी. हे आपल्या स्थळांच्या जाहिरातींत शोधून सापडत नाही. समाजासमाजांत सर्वाधिक मतभेद होता तो कौमार्याबद्दल: भारत, चीन, इराणमध्ये ते फार मोलाचं, स्वीडन-नॉर्वेत जवळपास बिनमहत्त्वाचं. ज्याला आपण उपजत समजतो, तेच सर्वात जास्त बदलणारं निघालं.

रक्त पाहायचंच असेल तर खरोखर पाहावं. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या पंजाबी आणि सिंधी समाजांत थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल या तशाच आजाराच्या वाहकांचं. वाहक स्वतः ठणठणीत असतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के. साध्या रक्ततपासणीत हे कळतं, आणि लग्न मोडण्याची गरज नसते. दिवस गेल्यावर दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासून बाळाला आजार आहे का, हे डॉक्टर सांगू शकतात.