क्रेडिट कार्ड : ऐकीव सल्ला आणि आजचा नियम

भंडारा - धानाच्या या जिल्ह्यात 'बँकेचे कार्ड' म्हटले, की अनेक घरांत अजूनही आधी किसान क्रेडिट कार्डच डोळ्यांसमोर येते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेमुळे 'क्रेडिट कार्ड' हा शब्द येथील शेतकरी कुटुंबांत पीककर्जाबरोबर आला. याच कुटुंबांतून नागपूर-पुण्याला नोकरीस गेलेल्या मुलांच्या पाकिटात मात्र त्याच नावाचे, पण अगदी वेगळ्या स्वभावाचे कार्ड असते. घरातील वडीलधाऱ्यांचा कर्जाचा अनुभव मोठा असला, तरी तो पहिल्या कार्डाचा आहे. दुसऱ्या कार्डाला तो लागू केला, की हिशेब चुकतो.

'धान विकले की एकदम भरू' हा विचार पीककर्जाच्या बाबतीत योग्यच आहे. किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज आणि वेळेत परतफेड केल्यास तीन टक्क्यांची आणखी सवलत, म्हणजे प्रत्यक्षात चार टक्के, अशी केंद्राची व्यवस्था आहे. २०२५-२६ या वर्षासाठीही ती कायम ठेवण्यात आली. परतफेडीचा कालावधी पिकाच्या हंगामाशी जोडलेला असतो. अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज थकीत झाले, तरी दोन हंगाम उलटल्यानंतरच ते अनुत्पादक ठरते. खरेदीच्या कार्डाचे बिल मात्र दरमहा येते. ठरलेल्या तारखेपासून ९० दिवसांत किमान रक्कमही भरली नाही, तर ते खाते अनुत्पादक वर्गात जाते. आधारभूत खरेदी केंद्रावरून धानाचे चुकारे येण्याची वाट हे कार्ड पाहत नाही.

३० टक्क्यांची मर्यादा गेली

ऐकीव माहितीतील सर्वांत टिकाऊ वाक्य म्हणजे 'कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेताच येत नाही'. हे वाक्य हवेतून आलेले नाही. 'आवाज' या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ७ जुलै २००८ रोजी निकाल दिला. मुदतीत पैसे न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे आयोगाने म्हटले होते. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण सोळा वर्षांहून अधिक काळ चालले आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निकाल रद्द केला. कार्डधारक आणि बँक यांच्यातील कराराच्या अटी नव्याने लिहिण्याचा अधिकार आयोगाला नाही, व्याजदराचा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतील आहे, असा या निर्णयाचा आशय होता.

रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या व्याजाला आकड्यातील कमाल मर्यादा घातलेली नाही. दर अवाजवी नसावा आणि तो वार्षिक स्वरूपात ग्राहकाला स्पष्ट सांगावा, एवढीच अपेक्षा नियमांत आहे. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर आकारणारी कार्डे बाजारात आहेत. २००८ नंतर लिहिलेला, तेव्हा बरोबर असलेला सल्ला आज जशाच्या तसा वाचणारा ग्राहक त्यामुळे भलत्याच भरवशावर राहतो. ग्राहक मार्गदर्शनावर तारीख छापण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही, ही खरी अडचण आहे.

असाच घोटाळा सावकारी कायद्यावरूनही होतो. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ खाली परवानाधारक सावकारांसाठी दर ठरवून देण्यात आले. शेतकऱ्याला तारणी कर्ज वार्षिक ९ टक्क्यांनी आणि बिनतारणी १२ टक्क्यांनी, तर इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्क्यांनी, असे ते दर आहेत. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. मात्र १८ टक्क्यांची ही मर्यादा दाखवून बँकेच्या कार्डाचे व्याज कमी करून मिळत नाही, कारण बँकांना हा कायदा लागू नाही. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील बिगर बँकिंग वित्त कंपन्यांनाही राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळमधील प्रकरणात स्पष्ट केले. भंडाऱ्यातील कर्जदाराला त्यामुळे पहिला प्रश्न दराचा नव्हे, तर समोरची संस्था कोणाच्या देखरेखीखाली आहे, हा विचारावा लागतो.

'किमान रक्कम' म्हणजे काय?

बिलावर दोन रकमा असतात : एकूण देय आणि किमान देय. 'किमान भरले की झाले' हा सल्ला अर्धा खरा आहे. खाते थकीत दिसत नाही आणि विलंब शुल्क लागत नाही, इतके ते खरे. कर्ज मात्र जागच्या जागी राहते. समजा, २० हजार रुपये बाकी आहे, दर महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि किमान देय एक हजार रुपये आहे. महिन्याचे व्याज ७०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १२६ रुपये. भरलेल्या हजारांतून मूळ बाकीत गेले फक्त १७४ रुपये. नवी खरेदी एक पैशाचीही केली नाही, असे गृहीत धरून हा हिशेब आहे. आणि ते गृहीत धरणे सहसा चुकते. मागील बिलाची बाकी राहिली, की बिनव्याजी मुदत थांबते आणि पुढच्या महिन्यातील किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांविषयी एकत्रित निर्देश काढले. ते त्या वर्षी १ जुलैपासून लागू झाले. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि व्याजावर व्याज चढते, अशा आशयाचा इशारा बिलावर छापणे त्यात बंधनकारक करण्यात आले. तो इशारा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण बिल मोबाईलवर येते आणि पाहिला जातो तो फक्त आकडा.

त्याच निर्देशांतील तीन दिवसांच्या तरतुदीचाही चुकीचा अर्थ फिरतो. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ बाकी राहिली, तरच विलंब शुल्क लावावे आणि पतमाहिती कंपन्यांना थकबाकी कळवावी, असा नियम आहे. 'तीन दिवस उशिरा भरले तरी चालते' असा त्याचा अर्थ नव्हे. व्याजाला ही सवलत नाही आणि विलंबाचे दिवस मोजले जातात ते मूळ तारखेपासूनच.

'शून्य व्याजाचा हप्ता' हा शब्दप्रयोग सणासुदीला दुकानांच्या फलकांवर हमखास दिसतो. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. २०२२ च्या निर्देशांनी तर कार्डावरील खरेदी हप्त्यांत बदलताना मुद्दल, व्याज आणि त्याच्या भरपाईसाठी दिलेली सूट वेगवेगळी दाखवणे आवश्यक केले. सूट आणि व्याज समान असले, तरी व्याजावरील कर आणि काही बँकांचे प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येते.

'सिबिल'ची अट उठली?

ऑगस्ट २०२५ मध्ये 'कर्जासाठी सिबिलची अट रद्द' अशा आशयाचे संदेश मोबाईलवरून फिरले. संसदेत अर्थ राज्यमंत्र्यांनी सांगितले होते ते वेगळे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज, पूर्वी कर्ज घेतले नव्हते एवढ्याच कारणाने नाकारू नये आणि रिझर्व्ह बँकेने किमान गुणांची कोणतीही अट घातलेली नाही, असे ते उत्तर होते. ज्याने आधी कर्ज घेऊन थकवले, त्याला या उत्तराचा काहीच उपयोग नाही. बँक त्याची परतफेडीची नोंद पाहणारच. 'तडजोड करा, निम्म्यात मिटेल' असे सांगणारे मध्यस्थही अशा वेळी पुढे येतात. तडजोडीनंतर पतअहवालात खाते 'पूर्ण फेडले' असे नव्हे, तर 'तडजोडीने मिटवले' असे दिसते, हे ते सांगत नाहीत. पतमाहिती देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यातील चुकीची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

मग खरे मार्गदर्शन कोठे शोधावे? कर्जाच्या बाबतीत ते बरेचदा ग्राहकाच्या हातातच दिलेले असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. सर्व शुल्क धरून होणारा वार्षिक दर त्यात असतो, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे आणि त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना घेता येत नाही. म्हणजे भंडाऱ्यातील शाखेत मराठी पत्रक मागणे हा हट्ट ठरत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या या व्यवस्थेतून क्रेडिट कार्डाची बाकी मात्र वगळलेली आहे. कार्डासाठी अर्जासोबतचे एक पानी पत्रक आणि महत्त्वाच्या अटींचा कागद पाहावा लागतो. मोबाईलवरील कर्जाच्या ॲपची खातरजमा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत करता येते. ही यादी जुलै २०२५ पासून उपलब्ध आहे. यादीत नाव असणे म्हणजे रिझर्व्ह बँकेची शिफारस नव्हे. ते ॲप एखाद्या नियंत्रित संस्थेशी जोडलेले आहे, एवढेच त्यातून कळते.

तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी लागते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. भंडारा येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला राहतो. न मागता दिलेले कार्ड संमतीविना सुरू करून बिल लावले गेले असेल, तर ती आकारणी मागे घेऊन तिच्या दुप्पट दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण केली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये. हे सात दिवस मोजायचे तर विनंती केल्याची तारीख सिद्ध करता आली पाहिजे. म्हणून ती फोनवरून न करता ई-मेलने किंवा शाखेत पोच घेऊन करावी.